कुलूप बाहेरून, पोरगं आत

माइक चालू आहे ना? मागच्या रांगेत येतंय ऐकू? बरं. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय तो चांगला दोन ओळींचा आहे, अल्पवयीन मुलं घरी एकटी असताना किंवा घर सोडून गेल्यास पालकांची कायदेशीर जबाबदारी. मी फोनवर कार्यवाहांना एवढंच म्हटलं होतं की मी कुलपांवर बोलेन. त्यांना वाटलं बाई थट्टा करतायत. पण पस्तीस वर्षं कल्याण-ठाण्याच्या कोर्टात काढल्यावर माझं एक मत झालंय आणि ते ऐकायला मला कोणी मिळत नाही, घरातले तर मी सुरू केलं की उठून जातात, तुम्ही मात्र खुर्च्यांवर बसलायत आणि वडे व्याख्यानानंतर आहेत, तेव्हा आज माझी सोय झाली.

आधी हात वर करा बघू. शाळेतून आल्यावर स्वतः कुलूप उघडून घरात शिरणारे कितीजण होते? लहानपणी म्हणतेय, आत्ता नाही. बघा, अर्धा हॉल. डोंबिवलीत हे विचारायलाच नको खरं तर, आई सातच्या पुढच्या कुठल्यातरी फास्टने, बाबा त्याच्या मागच्या लोकलने, आणि किल्ली दप्तराच्या आतल्या कप्प्यात नाहीतर गळ्यात काळ्या गोफात. आता दुसरा प्रश्न, बाहेरून कुलूप घालून आत ठेवलेले किती? चार... पाच. त्या काकू अर्धाच हात वर करतायत. राहू दे, आपण नंतर येऊ तिथे.

माझ्याकडे जे पालक येतात, म्हणजे घटस्फोटाच्या केसमध्ये, ताब्याच्या केसमध्ये, किंवा नुसते सोसायटीतल्या भांडणात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मॅडम, वय सांगा. कितव्या वर्षापासून मुलाला एकटं ठेवलेलं चालतं कायद्याला? आणि मी म्हटलं की आपल्याकडे असा आकडाच नाहीये तर त्यांना वाटतं या बाईंचा अभ्यास कमी पडतोय. अहो एसटीला आकडा माहितीय, पाच ते बारा हाफ तिकीट. फौजदारी कायद्याला माहितीय, सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी गुन्हा नाही. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा म्हणतो, तिथे तर मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून कलम १० मध्ये लिहिलंय, फक्त नाही घातलं तर काय होईल ते लिहायला विसरलेत. मतदान अठरा. पण दुपारी बारा ते पाच घरात एकटं बसायचं वय, हे आपल्या कुठल्याच पुस्तकात नाही. शोधून झालंय माझं.

एक गंमत सांगते, कायद्याच्या मराठीत अल्पवयीनाला शब्द काय आहे माहितीय का? अज्ञान. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६. गावाकडे ज्यांची जमीन आहे त्यांनी सातबारा काढून बघा, लहान मुलाच्या नावापुढे अ.पा.क. असं असतं, अज्ञान पालनकर्ता, आणि मग आईचं किंवा काकाचं नाव. मी सुरुवातीला वकिली करायला लागले तेव्हा मला वाटायचं की यात अज्ञान हे विशेषण पालनकर्त्याचं आहे. अजून अधूनमधून वाटतं.

तर १९९६ सालची गोष्ट. ही मी बऱ्याच ठिकाणी सांगितलीय, ज्यांनी ऐकलीय त्यांनी पुन्हा हसावं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, सकाळची शाळा, साडेबाराला घरी. दुपारभर पाळणाघरात असायचा, पुढच्याच गल्लीत एक काकू चालवायच्या, बारा मुलं आणि एक पंखा. त्या दिवशी काकूंच्या गावी कोणीतरी गेलं म्हणून पाळणाघर बंद, हे मला सकाळी सव्वासातला कळलं, आणि अकराला कल्याण कोर्टात माझी उलटतपासणी लागलेली. म्हणजे मी साक्षीदाराची घेणार होते, माझी दुसऱ्यांनी नाही, ती संध्याकाळी झाली. नवरा फिरतीवर. सासूबाई नणंदेकडे पुण्याला. मग मी काय केलं, तर कोणतीही डोंबिवलीकर बाई करते तेच केलं, त्याला त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही, पोट दुखतंय म्हणून चिठ्ठी लिहिली, डबा भरून ठेवला, गॅसचा नॉब सिलिंडरवरून बंद केला, टीव्हीचा रिमोट दिला, आणि खाली मैदानात पळून जाईल म्हणून दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली समोरच्या आजींकडे. त्यांना म्हटलं आजी, तासाभराने एकदा डोकावा हं. आजी म्हणाल्या, अगं तू निश्चिंत जा.

आता आजींचा काही दोष नाही. त्यांची त्या दिवशी भिशी होती आणि त्या ते विसरल्या होत्या, अकरा वाजता दोघीजणी हाक मारायला आल्या तशा त्या पदर सावरून निघाल्या, कमरेला जुडगा, जुडग्यात माझी किल्ली. इकडे आमच्या घरात काय, तर आदल्या रात्री पाणी गेलेलं. मोरीतला नळ कोणीतरी उघडाच ठेवलेला. कोणी ते विचारू नका, पिंपं भरायची म्हणून मीच. आणि दुपारी साडेबाराला पाणी आलं, ते सुद्धा रोजच्यासारखं करंगळीएवढं नाही, चांगलं फोर्सने. नळाखाली बादली, बादलीत पडलेलं फडकं, ते वाहत जाऊन मोरीच्या जाळीवर बसलं. चिरंजीव टीव्हीसमोर. त्याला कळलं तेव्हा पाणी बाहेरच्या खोलीत आलं होतं.

मुलगा घाबरला असेल असं तुम्हाला वाटेल. मला पण वाटायचं. तो अजिबात घाबरला नव्हता, त्याला परमानंद झाला होता. घरात चार बोटं पाणी आणि ओरडायला आई नाही, आठ वर्षांच्या मुलाला आणखी काय पाहिजे. त्याने नळ बंद केला का? नाही. त्याने टेबलावर चढून माझ्या फायली काढल्या आणि होड्या केल्या. कार्बन कॉप्या पातळ असतात, होडीला चांगल्या पडतात, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे. एका अशिलाचा लेखी जबाब, आठ पानी, त्याच्या आठ होड्या. वकीलपत्राच्या कागदाची एक मोठी, ती म्हणे बोट होती.

पाणी दाराखालून जिन्यावर, जिन्यावरून पहिल्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावरचे काका वर आले, बघतात तर दाराला कुलूप, आतून पाणी येतंय आणि आत कोणीतरी गाणं म्हणतंय. त्यांनी हाका मारल्या. हा आतून म्हणाला, दार उघडता येत नाही, आईने कुलूप लावलंय, मी मजेत आहे. ते 'मजेत आहे' कोणी ऐकलंच नाही, 'आईने कुलूप लावलंय' तेवढं पसरलं. पंधरा मिनिटांत वीस माणसं. कोणीतरी चौकीवर गेलं. कोणी कुलूप तोडायला पहार आणली, आमचं कुलूप अलिगढचं, ते काही तुटेना, शेवटी कोयंडाच उखडला, दाराच्या फळीसकट. अजून ती खूण आहे, दार बदललं नाही मी.

मी चार वाजता आले. साक्षीदार मी दिवसभर झोडपला होता, खुशीत होते, कोपऱ्यावरून चिरंजीवांसाठी सामोसे पण घेतले होते. बिल्डिंगखाली गर्दी बघून माझ्या पायातलं बळच गेलं. वर गेले तर मुलगा शेजारच्यांच्या घरी दुसऱ्या कोणाचा तरी फ्रॉकसारखा लांब शर्ट घालून श्रीखंड-पुरी खात बसलेला, आणि आमच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक हवालदार. पन्नाशीचे. हातात ओली होडी. त्यांनी माझा काळा कोट बघितला, होडी बघितली, आणि म्हणाले, वकीलबाई, कलम तुम्हीच सांगा आता.

सांगते काय, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. तीनच गोष्टी विचारल्या. गॅस कुठून बंद केला होता? सिलिंडरवरून, म्हटलं. मान हलवली. किल्ली कोणाकडे होती? आजींकडे. आणि आजी कुठे? आजी तेवढ्यात जिन्यातच होत्या, भिशीहून आलेल्या, हातात वाटीभर गाजर हलवा, त्यांना पुढे येववेना. मग हवालदार उठले, तो उखडलेला कोयंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, बाई, पोरगं एकटं ठेवलंत त्याचं काही नाही, आमची पण राहतात. पण बाहेरून कुलूप गोठ्याला घालतात.

मी एलएलबीला जे शिकले त्यातलं निम्मं आता आठवत नाही. हे आठवतं.

माझं मत जे आहे ते एवढंच आहे. मूल एकटं होतं का आणि किती वर्षांचं होतं हे आपण उगाच विचारत बसतो. विचारायचं असं की काही झालं असतं तर त्याला बाहेर पडता आलं असतं का, आणि त्याच्यापर्यंत कोणाला पोचता आलं असतं का. हवालदारांचे तीनही प्रश्न तेच होते. कायद्यात कुलूप हा शब्द नाहीये, हे माझं आहे, उद्या कोणी कोर्टात जाऊन सांगू नका की अमक्या बाईंनी असं कलम सांगितलं. आणि आता तर काय, खिडक्यांना बॉक्स ग्रिल, त्याला बाहेर उघडणारी झडप नाही, पुढे सेफ्टी डोअर, सेफ्टी डोअरला बाहेरून लॉक, आत दोन मुलं आणि एक चार्जिंगला लावलेला फोन. मागच्या वर्षी एक आईबाबा मला म्हणाले, मॅडम आम्ही कॅमेरा लावलाय, ऑफिसातून सतत दिसतं. मी म्हटलं दिसेल हो, पण दार कोण उघडेल? तर म्हणे ॲपवरून अलार्म वाजतो. वाजू द्या.

परदेशात आकडा आहे, ते बरं नाही का, असं एकांनी मला गेल्या वेळी विचारलं होतं. आज आलेत का ते? नाही. तरी सांगते. माझी भाची ऑकलंडला असते. न्यूझीलंडमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाला सोडून गेलात तर १९८१ च्या समरी ऑफेन्सेस ॲक्टखाली दोन हजार डॉलरपर्यंत दंड आहे. तिचा मुलगा बारा वर्षांचा, मिसरूड फुटायला आलेली, आणि ही बाई दही आणायला जाताना त्याला गाडीत घालून नेते, तो बिचारा मागच्या सीटवर मान खाली घालून. मी तिला ते कलम पाठवलं, म्हटलं नीट वाच गं, त्यात नुसते १४ नाहीयेत, देखरेखीची वाजवी सोय न करता, अवाजवी वेळ किंवा अवाजवी परिस्थितीत सोडलं तर, असं आहे. म्हणजे फिरून सोयीवरच आलं ना. पण आकडा एकदा दिसला की पुढचं कोणी वाचत नाही.

अमेरिकेत मेरीलँड राज्याचा कायदा माझा लाडका आहे. आठ वर्षांखालचं मूल, आणि तिथे शब्द काय आहेत, 'लॉक्ड ऑर कन्फाइन्ड', कुलूपबंद किंवा कोंडलेलं, घरात नाहीतर गाडीत, मोठं माणूस नजरेआड आणि किमान १३ वर्षांचं भरवशाचं कोणी सोबत नाही, तर गुन्हा. वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले, हे तर आमचे हवालदार! पण तिथल्याच सिल्व्हर स्प्रिंगमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये काय झालं, दहा वर्षांचा भाऊ आणि सहा वर्षांची बहीण बागेतून मैलभर चालत घरी निघाली, आईवडिलांनी मुद्दाम सवय म्हणून सोडलेली, तर पोलिसांनी रस्त्यातून गाडीत बसवून घरी आणली आणि आईवडिलांमागे चौकशी लागली. कुठे कुलूप, कुठे कोंडणं? मोकळ्या रस्त्यावर चालत होती पोरं. पुढे २०१८ मध्ये युटा राज्याने कायद्यात उलट लिहून टाकलं की समजत्या वयाच्या मुलाला चालत शाळेत पाठवणं, बाहेर खेळू देणं, घरी राहू देणं म्हणजे हेळसांड नव्हे. हे कायद्यात लिहायची वेळ येते म्हणजे बघा.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हेळसांडीचं कलम कोणाला लागतं आणि कोणाला लागत नाही यावर माझा जुना राग आहे, तो काढून घेते. विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिराला मी एकदा बीड जिल्ह्यात गेले होते, दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले. गाव रिकामं. ऊसतोडीला गेलेलं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले की नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, तो कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, परत येणार ते थेट उन्हाळ्यात. मागे आज्या आणि पोरं. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं असतात, म्हणजे मुलांना शाळेत जेवण आणि रात्री गावातच राहणं, ती कधी सुरू होतात कधी उशीर होतो. एका घरात अकरा वर्षांची मुलगी भाकरी थापत होती, पाठचे दोन भाऊ, आजीला डोळ्यांनी दिसत नाही. दार? दाराला कडीच नव्हती. ताट आडवं लावलेलं, कुत्रं येऊ नये म्हणून. शिबिरात एक तरुण वकील साहेब मला हळूच म्हणाले, मॅडम हे नेग्लेक्टच, हेळसांडच आहे ना, बाल न्याय कायद्याचं कलम ७५. मी म्हटलं कोणावर लावताय, आईवर? ती तिकडे पहाटे चारला फडात उभी आहे. शेजारची बाई येऊन कालवण ठेवून गेली आमच्यादेखत, न विचारता. आणि इथे विसाव्या मजल्यावर पोरगं डिजिटल लॉकच्या आत सहा तास, त्याच्या मजल्यावरच्या माणसांना त्याचं नाव माहीत नाही, तिथे कोणाला कलम ७५ सुचत नाही. सुचावं असं माझं म्हणणं नाहीये... म्हणजे थोडं आहे.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. अहो आत्ता तर मी विषयाला हात घालतेय. बरं, पळत सांगते, लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५. ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष ताबा आहे त्याने मुलाला मारलं, सोडून दिलं, किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, आणि ती अशी की मुलाला नाहक शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. यात 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा, तासभर दुकानात गेलात म्हणून ७५ लागत नाही. जन्मदात्यांना हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं तर ते जाणूनबुजून धरायचं नाही असं त्याच कलमात आहे, त्या तरुण वकील साहेबांना मी तेच दाखवलं होतं. दुसरं, भारतीय न्याय संहिता कलम ९३, म्हणजे जुन्या दंड संहितेचं, आयपीसीचं, ३१७, बारा वर्षांखालचं मूल कायमचं टाकून द्यायच्या इराद्याने कुठे ठेवलं तर सात वर्षांपर्यंत. हे अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवणाऱ्यांसाठी, ऑफिसला जाणाऱ्यांसाठी नाही, व्हॉट्सॲपवर फिरतं ते खोटं आहे. तिसरं, एकट्या मुलाचा जीवच गेला आणि निष्काळजीपणा दिसला तर त्याच संहितेचं कलम १०६, जुनं ३०४ अ, आधी कमाल दोन वर्षं होती आता पाच. ते लावावं की नाही यावर मी गप्प बसते, ज्यांचं मूल गेलंय त्यांना मी कोर्टात उभं राहिलेलं बघितलंय.

आता घर सोडून जाणं. हा खरं तर अर्धा विषय होता, हरकत नाही. पोरगं गेलं की पालक पहिले बारा तास नातेवाइकांना फोन करत बसतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की पोलिसात गेलात तर तुमच्यावरच केस. असं नाहीये. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला सांगून ठेवलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा, आणि अपहरण झालंय असं धरूनच तपास सुरू करायचा. म्हणून जुनं ३६३, आता न्याय संहितेचं १३७, अज्ञात इसमाविरुद्ध. माझ्या एका अशिलाचा तेरा वर्षांचा मुलगा चाचणीतल्या मार्कांवरून तीनशे रुपये घेऊन कल्याणहून गाडीत बसला, तर हे गृहस्थ पोलिस ठाण्यातून मला फोन करून विचारतात, ताई, याला कोणी पळवलाच नाहीये तर हा अज्ञात इसम कोण? मी म्हटलं सही करा आधी.

मुलगा सापडला मनमाडला, रेल्वे सुरक्षा दलाला, बाकावर झोपलेला. अशा मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई. वडील गेले तिथे तर आधार कार्ड, जन्मदाखला, फोटो, अर्ज. माझाच मुलगा मला सोडवून घ्यायला अर्ज? फार लागलं त्यांना ते. त्याहून लागलं ते समितीतल्या बाईंनी त्यांच्यासमोर मुलाला विचारलं, तुला घरी जायचंय का? मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, बाबांनी चपला आणल्यात का. त्याच्या चपला गाडीत चोरीला गेल्या होत्या. वडिलांनी स्वतःच्या काढून दिल्या आणि कल्याणपर्यंत अनवाणी आले. मुलगा नाही म्हणाला असता तर समिती चौकशी लावू शकते, समाजसेवकाचा अहवाल १५ दिवसांत, आणि अंतिम आदेश चार महिन्यांच्या आत. तेवढे दिवस मूल बालगृहात. हा पालकांवरचा खटला नसतो, पण त्यांना तो खटल्यासारखाच वाटतो, खोटं कशाला सांगू. आणि एकटं भटकणारं मूल तुम्हाला दिसलं तर १०९८ लावा, तो नंबर १९९६ ला मुंबईतच सुरू झाला, माझ्या होड्यांच्या वर्षी, आता ११२ ला पण जोडलाय. पालकांपासून तुटलेलं मूल सापडून २४ तासांत न कळवणं हाही गुन्हा आहे, सहा महिने किंवा दहा हजार. भाऊ, एक मिनिट, चिठ्ठी बघितली मी.

मोठ्या मुली जातात, सतराच्या, आणि वडील म्हणतात त्या मुलावर अपहरण लावा. वरदराजन विरुद्ध मद्रास सरकार, सप्टेंबर १९६४ चा निकाल. मुलगी अठराला टेकलेली, कॉलेजात शिकणारी, तिनेच फोन केला, ती स्वतः चालत गाडीपाशी गेली, लग्नाच्या कराराची नोंदही झाली. कोर्ट म्हणालं, नेणं वेगळं आणि बरोबर येऊ देणं वेगळं. फार सुंदर निकाल आहे, यावर मला पूर्ण व्याख्यान द्यायचंय, पुढच्या वर्षी बोलवा. फक्त पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, तेव्हा नव्हता, आता आहे, आणि त्यात अठराच्या आतल्या संमतीला किंमत नाही, त्यामुळे वरदराजनच्या भरवशावर कोणी राहू नका.

आणि स्कूटर! स्कूटर राहिलीच. घराच्या किल्लीसाठी एवढं बोलले आणि ही किल्ली सगळ्यात महाग आहे. मोटार वाहन कायदा कलम १९९ अ, २०१९ पासून. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी असं धरूनच चालायचं, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती हे पालकाने सिद्ध करायचं. घरी एकटं ठेवलं त्यात सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं, इथे तुम्हाला. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला तेव्हा सगळा देश त्याला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर बोलला, मी आमच्या सोसायटीत १९९ अ चा कागद लावला, तो तिसऱ्या दिवशी कोणीतरी काढला, आणि क्लासला जाणारी ती दोन पोरं अजून ट्रिपल सीट जातात.

झालं, बसते. प्रश्न एकच घ्या म्हणतायत. हां, त्या अर्धा हात वर केलेल्या काकू. काय? मी नातवाला सांभाळते, मुलगा-सून दोघं नऊला जातात, तर ते कलम ७५ मला पण लागतं का?

लागतं हो काकू. प्रत्यक्ष ताबा ज्याचा त्याला. आई, बाबा, पाळणाघरवाली, आजी, कोणी असो. आणि तुम्ही दुपारी भजनाला जाता तेव्हा कुलूप कुठून घालता?

...बरं. मग आज घरी गेल्यावर सुनेला सांगा, एक किल्ली खालच्या मजल्यावर द्यायची आणि लॅच आतून. आणि मुलाला सांगा, पाळणाघराला पाच हजार पडतात, कलमासकट आजीला किती ते त्याने ठरवावं.